नाना, अक्का आणि नगरपालिकेचा हॉल

कचऱ्याची गाडी आमच्या गावात रोज सकाळी येते. नगरपालिकेतले किस्से उचलायला मात्र कुणी येत नाही, ते साचत जातात. एखाद्या लग्नात आम्ही जुने दोन-तीन कर्मचारी शेजारी जेवायला बसलो, की पंगत उठते तरी आमचं बोलणं संपत नाही. शेवटी वाढपीच विचारतो, "ताई, अजून बट्टी वाढू, का ताट उचलू?"

मी नगरपालिकेत सभा लिपिक होते. वडील तिथेच कामाला होते. ते गेल्यावर अनुकंपावर मला घेतलं. सभा लिपिक म्हणजे नगरसेवकांच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून कोण काय बोललं ते लिहून घेणारी. लिहायचं थोडं, ऐकायचं सगळं! मागच्या वर्षी रिटायर झाले. गावाचं नाव सांगत नाही. धुळ्याहून जळगावकडे निघालात की वाटेत कुठेतरी लागतं, एवढं पुरे. नगरपालिका इंग्रजांच्या काळातली. हॉल दगडी, छत उंच, आणि आवाज असा घुमतो की शेजारणीशी कुजबुजलं तरी भाषण केल्यासारखं वाटतं.

दोन माणसं पुन्हा पुन्हा येतील, म्हणून आधीच ओळख करून देते. एक भास्करनाना. सगळ्यांत जुने नगरसेवक. सत्ता कुणाचीही येवो, नाना विरोधात. एकदा त्यांचंच पॅनल निवडून आलं, तर पहिल्याच सभेत उठून म्हणाले, "मी आज जरा पलीकडच्या बाजूला बसतो. इकडून आवाज लागत नाही." दुसरी सुभद्राअक्का. महिला राखीव वॉर्डातून निवडून आलेली, घरी शेती आणि दोन म्हशी. हॉलमध्ये अहिराणी सोडून दुसरी भाषा तिने कधी काढली नाही.

* * *

हॉलमध्ये अध्यक्षांच्या खुर्चीमागे एका इंग्रज साहेबाचा मोठा फोटो होता. नगरपालिका सुरू झाली तेव्हा अध्यक्ष गावातला नसायचा, सरकारी साहेबच असायचा. हा त्यातला पहिला. मिशा एवढ्या भरदार, की आमचा शिपाई बापू फोटो पुसताना मिशांवरून फडकं पुन्हा एकदा फिरवायचा.

एका वर्षी विषय आला, की हा फोटो काढून टाकावा. गुलामीची निशाणी कशाला ठेवायची? सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष "मंजूर" म्हणणार, तेवढ्यात नाना उठले.

"माझा विरोध आहे."

कुणीतरी ओरडलं, "नाना, तुम्ही इंग्रजाच्या बाजूने?"

"बाजूने नाही," नाना म्हणाले. "पण या जागेवरचे एवढे अध्यक्ष मी पाहिले, त्यांत माझं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा एकटाच!"

नानांना थांबवायला अध्यक्षांनी घंटी हातात घेतलेली होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

* * *

अक्का निवडून आली तेव्हा तिच्यासोबत तिचे मिस्टरही सभेला यायचे. तेव्हा असं चालायचं, अजूनही काही ठिकाणी चालतं. बाई निवडून येते आणि नवरा नगरसेवक होतो! ते तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे, तेच हात वर करायचे, तेच बोलायचे. अक्का पदर सावरून समोरच्या पंख्याकडे बघत बसायची. मला वाईट वाटायचं. लिहिताना काय लिहू? नाव तिचं, बोलणं त्यांचं.

एका उन्हाळ्यात पाण्याचा विषय निघाला. धरणात पाणी कमी, नळाला पाणी काही दिवसांआड, तेही किती येईल त्याचा नेम नाही. अध्यक्ष एकेका वॉर्डाला विचारत होते. अक्काच्या वॉर्डाची पाळी आली. मिस्टर उभे राहिले. त्यांना अध्यक्षांना खूष करायचं होतं. म्हणाले, "आमच्या वॉर्डात पाण्याची काही अडचण नाही. लोक समाधानी आहेत."

अक्काची नजर पंख्यावरून खाली आली. ती उभी राहिली. तिचा आवाज त्या हॉलने तोपर्यंत ऐकलाच नव्हता.

"यासले काय माहीत?" ती म्हणाली. "पाणी मी भरस!"

आणि मग तिने सांगितलं. कोणत्या गल्लीत धार बोटाएवढीसुद्धा येत नाही, कुठली म्हातारी दुसऱ्याच्या ओसरीवर घागर घेऊन बसून राहते, कुठल्या घरात पाण्यावरून सासू-सुनेत बोलणं बंद आहे. नानांनीसुद्धा विरोध केला नाही. बोलून झाल्यावर तिने शेजारी पाहिलं. मिस्टर अजून उभेच होते.

"तुम्ही घर जा," अक्का म्हणाली. "आज आपला पाणीना दिन शे. भरी ठेवा."

गेले हो! त्यानंतर ते तिला मोटरसायकलवर गेटपर्यंत सोडायचे आणि तिथूनच मागे फिरायचे.

* * *

एकदा नगरसेवकांचा अभ्यास दौरा निघाला. समुद्रकाठचं एक मोठं, जुनं बंदराचं शहर. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या वेळी आमच्या लोकांना ते आत घ्यायचे नाहीत. तिथल्या महापालिकेची इमारत बघून आमचे सगळे माना वर करून बघतच राहिले. घुमट काय, रंगीत काचा काय, जिना तर एवढा रुंद की बैलगाडी वर न्यावी!

तिथले एक अधिकारी आम्हाला फिरवून माहिती देत होते. शहराला पाणी कसं आणलं, गटारं कशी बांधली, रस्त्यावर दिवे कसे लागले, करावरून लोक कसे भांडले. चांगलं सांगत होते. शेवटी घुमटाखाली उभे राहून म्हणाले, "हे सगळं वैभव त्या काळच्या कापसाच्या व्यापारातून उभं राहिलं."

अक्काने माझी बाही ओढली. "ताई, आठे कापूस पिकस?"

मी म्हटलं, इथे कुठला कापूस, चहूकडे समुद्र. तेव्हा तिने थेट त्यांनाच विचारलं, कापूस यायचा कुठून?

"आतल्या भागातून," ते म्हणाले. "म्हणजे वऱ्हाड, खानदेश, तिकडून रेल्वेने यायचा. इथून जहाजात."

आम्ही कुठले हे बहुतेक त्यांच्या लक्षात नव्हतं. शेजारी मखमलीचा एक जुना मोठा कोच होता, त्याच्यावर जाऊन अक्का ऐसपैस बसली.

अधिकारी धावले. "मॅडम, प्लीज! तिथे बसायचं नाही, तो जपून ठेवलेला आहे."

"कापूस आमना," अक्का म्हणाली, "गादीमा कापूस आमना, आन बसानं बी नही?"

ते गृहस्थ खरंच चांगले. पोट धरून हसले आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. चहा पिताना नानांनी त्यांना सहज विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं?"

"किती दिवसांनी म्हणजे? रोज येतं."

परतीच्या प्रवासात बसमध्ये अंताक्षरी खेळायचं ठरलं होतं. कुणीच खेळलं नाही.

* * *

आमच्या नगरपालिकेचा भोंगा दिवसातून ठरलेल्या वेळांना वाजतो. पूर्वी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांच्या कामगारांसाठी सुरू झाला असेल. जिनिंग बंद पडल्या, भोंगा चालू राहिला. एक तरुण मुख्याधिकारी बदलून आले. मूळचे कोकणातले. त्यांचं क्वार्टर बरोबर भोंग्याच्या खाली. एका आठवड्यात ते वैतागले. "प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मग भोंगा कशाला?" बंद केला.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई ऑफिसात आली. "साहेब, आमच्या सासूबाई दुपारच्या जेवतच नाहीयेत."

"मग डॉक्टरला दाखवा."

"तब्येत ठणठणीत आहे. भोंगा झाल्याशिवाय जेवत नाही म्हणतात."

साहेबांना वाटलं बाई चेष्टा करतेय. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसे ते उठले. अहिराणी कळणार नाही म्हणून मला बरोबर घेतलं. घरी गेलो तर आजी भिंतीला टेकून बसलेल्या, समोर झाकलेलं ताट.

"आजी, जेवायची वेळ केव्हाच होऊन गेली. जेवा ना."

"वाजनात का?" आजींनी विचारलं.

"वाजले, वाजले. हे बघा," म्हणून साहेबांनी मोबाईल पुढे केला. आजींनी तो हातात घेतला, कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि परत दिला.

"काहीच वाजत नही!"

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि तिथूनच ऑफिसात फोन लावला. "बापू, भोंगा वाजवा. हो, आत्ताच!"

भर दुपारी अवेळी भोंगा झाला आणि गावात एकच धांदल उडाली. आग लागली समजून आमचा बंब घंटा वाजवत निघाला. एका शाळेने पोरं सोडून दिली. बाजारपेठेत लोक दुकानाबाहेर येऊन आकाशाकडे बघायला लागले. आणि कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी मुकाट्याने भिंतीवरची घड्याळं मागे केली!

इकडे आजींनी पहिला घास घेतला, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज भलताच उशीर व्हयना रे भाऊ."

भोंगा दुसऱ्या दिवसापासून वेळेवर सुरू झाला. साहेबांनी पलंग मागच्या खोलीत हलवला.

* * *

नानांनी जन्मात एकच ठराव स्वतः मांडला. मेन रोड रुंद करायचा. त्याला कारण होतं. त्याच्या थोडं आधी त्या रस्त्यावर अँब्युलन्स अडकली होती. एकीकडे हातगाड्या, दुसरीकडे घरांचे ओटे आणि पायऱ्या. आतला पेशंट दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. तो नानांचा लहानपणापासूनचा मित्र. त्या सभेत नानांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. एवढंच म्हणाले, "आखणी करा. मध्ये कुणाचंही घर आलं तरी सोडू नका." ठराव एकमताने पास.

आखणी झाली. लाल रेघ नानांच्या घरापाशी आली आणि त्यांचा अख्खा ओटा रस्त्यात गेला. त्या ओट्यावर त्यांचे वडील बसायचे. निम्म्या गावाची भांडणं तिथेच मिटायची. इंजिनीअर हळूच येऊन म्हणाला, "नाना, रेघ जराशी आत घेऊ का?"

"घेऊन तर बघ," नाना म्हणाले. "पुढच्या सभेत तुझ्या विरोधात मीच बोलेन."

जेसीबी आला तो दिवस मला आठवतो. आम्ही ऑफिसचे बरेच जण तिथे होतो. ओट्यावर साड्या अंथरलेल्या, त्यांवर कुरडया वाळत घातलेल्या, आणि मधोमध नानांच्या मिसेस, शांताकाकू, मांडी घालून बसलेल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. काकू हलल्या नाहीत.

नाना पुढे झाले. "ऊठ व. ठराव पास व्हयेल शे."

काकूंनी वरसुद्धा पाहिलं नाही. "मी हात वर करेल नही!"

जमलेले सगळे हसले. नाना हसले नाहीत. ते टोपी काढून काकूंच्या शेजारी ओट्यावर बसले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मग काकूंनीच हळू आवाजात विचारलं, "तुमना दोस्त याच रस्तावर गया ना?"

नानांनी मान डोलावली.

"मंग बठा काय? कुरडया उचलाले हात लावा."

दोघांनी एका साडीची टोकं धरली. मग आम्ही बायका पुढे झालो. कुरडया सगळ्या आत गेल्या, एकही मोडली नाही. त्यानंतर ओटा पाडायला जेसीबीला फार वेळ लागला नाही. नाना तेवढा वेळ ओट्याकडे पाठ करून उभे होते.

पुढे रोज संध्याकाळी, ओटा होता त्याच जागी, रस्त्याच्या कडेला नाना प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले. अतिक्रमणवाला माणूस घाबरत घाबरत आला. "नाना, ही खुर्ची..."

"उचल ना," नाना म्हणाले. "फक्त मी उठल्यावर उचल!"

* * *

हा छोटा आहे. अलीकडे नगरपालिकेने तक्रारींसाठी मोबाईलवर अ‍ॅप काढलं. फोटो काढायचा, पाठवायचा. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलीने तक्रार टाकली, गल्लीतला दिवा बंद आहे. सोबत फोटो. फोटो पूर्ण काळा.

ऑफिसातून उत्तर गेलं, "फोटो स्पष्ट नाही. कृपया स्पष्ट फोटो पाठवावा."

तिने पुन्हा तसाच काळाकुट्ट फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "यापेक्षा स्पष्ट अंधार आमच्या गल्लीत नाही."

दिवा लागला!

* * *

मग सभागृहाची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि नगरपालिकेवर प्रशासक आले. प्रशासक म्हणजे अध्यक्षही तेच आणि सगळे नगरसेवकही तेच. सभा मात्र घ्यावी लागायची. त्या प्रचंड हॉलमध्ये साहेब एकटे खुर्चीवर, कोपऱ्यात मी, दाराशी बापू. साहेब स्वतःच विषय वाचायचे, जरा थांबायचे, स्वतःच "मंजूर" म्हणायचे. पहिली सभा तर चहा यायच्या आत संपली. बापूने विचारलं, "साहेब, चहा किती सांगू?" साहेब रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "एक. आणि मॅडमना एक."

साहेब वयस्क, कमी बोलणारे. माणूस सरळ.

पुढच्या सभेत एक विषय होता. नगरपालिकेची जुनी मुलींची शाळा बंद करायची. पट कमी झाला होता, मुली इंग्रजी शाळांत गेल्या होत्या. जागा मोक्याची, तिथे व्यापारी संकुल बांधायचं. प्रस्ताव ऑफिसनेच तयार केलेला, म्हणजे साहेबांच्याच सहीचा. आता साहेबांनीच तो मंजूर करायचा होता.

साहेब विषय वाचणार तेवढ्यात दार उघडलं. कडक इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, हातात काठी. नाना! सरळ चालत आले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले.

बापू मागे धावत आला. "नाना, तुम्ही आता सभासद नाही. मत देता येत नाही."

"मी मत देवाले नही उनू," नाना म्हणाले. "मी विरोध कराले उनू!"

बापूने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हाताने, राहू द्या, अशी खूण केली आणि विषय वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "नाना, तुमचं बोलणं मला नोंदवता यायचं नाही."

"नोंदवू नका. ऐका."

नाना उठले. हॉल भरलेला असावा तसे एकदा उजवीकडे वळले, एकदा डावीकडे.

"ही शाळा सुरू करायचा विषय इंग्रजांच्या काळात याच हॉलमध्ये आला होता. तेव्हा सभासदांत माझे आजोबा होते, आईचे वडील. त्यांनी कडाडून विरोध केला. म्हणाले, पोरींना शाळा कशाला? ठराव तरीही पास झाला. शाळा उघडली. पहिल्याच दिवशी माझ्या आजीने माझ्या आईला हाताला धरून नेलं आणि शाळेत घातलं. आजोबांना ते संध्याकाळी कळलं."

साहेबांच्या ओठांवर हसू आलं. नाना थांबले नाहीत.

"म्हातारपणी आजोबांचे डोळे गेले. मग आई त्यांना रोज पेपर वाचून दाखवायची. या हॉलमध्ये काय काय ठरलं, तेही तीच वाचायची. आमच्या घरचा तो विरोध चुकला, साहेब. आजोबांनी ते आईजवळ कबूल केलं. पण या हॉलमध्ये येऊन सांगायचं राहूनच गेलं. मी सांगायला आलो. शाळेत मुली नाहीत म्हणता. मुली आणा. आमच्या आजीने आणलीच होती की एक!"

नाना बसले. दम लागला होता. बापूने पाण्याचा पेला नेऊन दिला.

साहेबांनी समोरचा कागद पुन्हा जवळ ओढला. प्रस्ताव त्यांचाच, सही त्यांचीच. मग त्यांनी पेन बंद करून खिशाला लावलं.

"विषय तहकूब."

मी लिहून घेतलं. पण तहकूब म्हटलं की कारण लिहावं लागतं. मी विचारलं, "साहेब, कारण काय लिहू?"

साहेबांनी एकदा सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. रिकाम्या रांगा, दाराशी बापू, आणि आपल्या खुर्चीवर पेला हातात धरून बसलेले नाना.

"लिहा," ते म्हणाले, "सभागृहात मतभेद झाल्यामुळे."